पंपाच्या अलीकडे उतरणारा

पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलं आणि आम्ही चौघं एका गाडीत आलो. एरवी आमचं एकत्र येण्याचं काही कारण नव्हतं. कंपनी एकच, चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. पण मी स्टोअरला, बाकीचे तिघं तीन वेगळ्या खात्यांत, आणि कँटीनमध्ये ‘काय म्हणता’च्या पलीकडे बोलणं नाही. माझी जुनी चारचाकी संत तुकाराम नगरात आमच्या इमारतीखाली उभी असायची. रविवारी पुसायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. बायको म्हणायची, गाडीचं काय लोणचं घालायचंय? मी मात्र रोज मोटारसायकलवरून नाशिक रस्त्याची धूळ खात जायचो आणि धूळ खातच परत यायचो. पेट्रोल वाढत गेलं तसं कँटीनमधल्या टेबलावर एकदा विषय निघाला की चौघांनी मिळून एकच गाडी काढली तर? खर्च जवळपास तेवढाच, पण धूळ नाही, पाऊस नाही. गाडी माझ्याकडे होती, म्हणून चालक मी झालो.

सकाळी मी घरून एकटा निघायचो. पहिला चढायचा तो, ज्याची ही गोष्ट आहे, नाशिक फाट्याला. मग भोसरीत एक लातूरकर, वेल्डिंगचा माणूस, वीस वर्षांपूर्वी इकडे आलेला. शेवटी मोशीत तिथलाच मूळ गाववाला, ज्याच्या जमिनीवर आता दुसऱ्यांचे फ्लॅट आहेत आणि जो तरीही रोज आठ तास मशीनवर उभा राहतो. आम्ही त्यांना लातूरकर आणि मोशीकरच म्हणायचो. पहिला चढायचा म्हणून तो पुढे, माझ्या शेजारी बसायचा. तिशीही न ओलांडलेला, कोरलेली दाढी, चष्मा. मापनकक्षात होता. तयार झालेले भाग तिथे मोजले जातात, केसाच्या जाडीहून कमी फरक पकडला जातो. आमच्या कंपनीत कुणी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे, पण त्यानं एखादा भाग नापास केला तर मॅनेजरसुद्धा वाद घालत नसे.

गाडीसाठी आम्ही मोबाइलवर ग्रुप केला होता. निघालो, पोचलो, पाच मिनिटं उशीर, एवढंच त्यात असायचं. एका रविवारी संध्याकाळी त्याचा निरोप आला. ‘उद्यापासून मी गाडीत स्कर्ट आणि हिल्स घालून येणार आहे. कुणाला अडचण असेल तर आत्ताच सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.’

मी चहा पीत होतो. काहीतरी थट्टा असेल, कुठला तरी व्हिडिओ वगैरे, असं वाटून मी उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि फोन उलटा ठेवला. बाकी दोघांनी काहीच उत्तर दिलं नाही.

सोमवारी नाशिक फाट्याला मेट्रोच्या जिन्यावरून तो खाली उतरताना दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट आत खोचलेला, गुडघ्याखाली पोचणारा गडद निळा स्कर्ट आणि तीन बोटं उंच टाचेचे काळे बूट. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत येत होता. फुटपाथवरची पोहेवाली झारा हातात धरून बघत राहिली. मला वाटलं, गाडी तशीच पुढे न्यावी. पण सिग्नल लाल होता.

तो आत बसला, स्कर्ट नीट केला, पट्टा लावला आणि म्हणाला, ‘दादा, तुम्ही अंगठा दिलात म्हणून धीर झाला. नाहीतर मी आज आलोच नसतो.’

आता या माणसाला काय सांगणार, की बाबा रे, तो अंगठा मी चहाच्या घोटासरशी दिला होता? मी ‘हं’ म्हणालो आणि गिअर टाकला.

भोसरीत लातूरकर बसला. त्यानं एकदा पाहिलं आणि थेट मोशीपर्यंत खिडकीबाहेर तोंड केलं, जणू भोसरी तो पहिल्यांदाच पाहतोय. मोशीकराचं तसं नव्हतं. त्यानं दार उघडल्या उघडल्या विचारलं, ‘आरं, ह्ये काय राव? नाटक-बिटक हाय का कंपनीत?’

‘नाही. असंच. आवडतं.’

‘घरच्यांना ठावं हाय?’

‘नाही.’

‘मंग बरंय,’ मोशीकर म्हणाला आणि बसला. त्यात बरं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी एकदा विचारलं. भोसरी यायच्या आधी, दोघंच असताना. म्हटलं, ‘म्हणजे तू... तसा आहेस का?’

‘कसा?’

मला ‘कसा’ ते म्हणता येईना. तेव्हा तो स्वतःच म्हणाला, ‘मी पुरुषच आहे, दादा. मला स्कर्ट आवडतो. त्यात चालताना बरं वाटतं. कंपनीत युनिफॉर्म असतो, घरी आईवडिलांसमोर ट्रॅकपँट. मधला हा पाऊण तास तेवढा माझा आहे.’

आणि खरंच तेवढाच होता. पिंपळे सौदागरच्या घरातून तो पँट घालून निघे, मेट्रो स्टेशनच्या स्वच्छतागृहात कपडे बदले, आणि चाकणच्या अलीकडची कुरुळी मागे पडली की गाडीतच स्कर्टच्या आतून पँट चढवून, स्कर्ट काढून, त्याची घडी पिशवीत ठेवून, सेफ्टी शूज घालून तयार होई. संध्याकाळी हेच उलटं. सकाळचा पाऊण तास आणि संध्याकाळचा पाऊण तास. तो माझ्या गाडीत होता, माझ्या शेजारच्या सीटवर.

माणूस कशालाही सरावतो. पंधरा दिवसांत कुणाला काही वाटेनासं झालं. मोशीकर त्याला विचारायचा, ‘टाचा दुखत न्हाईत व्हय?’ तो म्हणायचा, ‘दुखतात की. तुमचे सेफ्टी शूज काय गादीचे आहेत?’ लातूरकरानं खिडकीबाहेर पाहणं सोडलं. एकदा तर त्यानं स्कर्टच्या शिवणीची चौकशी केली, कारण त्याची बायको शिलाईकाम करायची. आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, ‘बायकू म्हनली, कमरंला आस्तर लावून घ्या, उसवनार न्हाई.’ त्या दोन महिन्यांत गाडीत जेवढं हसलो तेवढं मी त्याआधीच्या दहा वर्षांत कंपनीच्या वाटेवर हसलो नसेन. तोही बोलका झाला होता. पूर्वी चाकण येईपर्यंत कानात इअरफोन घालून बसायचा. आता भोसरीच्या पुलावर गाडी अडकली की म्हणायचा, ‘अडकू द्या हो. मला काही घाई नाही.’

मग पेट्रोल आणखी वाढलं आणि मी गाडीला गॅसचं किट बसवलं. सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं, त्यानंही होकार दिला होता. पण गॅसच्या पंपावर काय असतं ते ज्यानं रांग लावली आहे त्यालाच माहीत. पेट्रोल भरताना गाडीतला माणूस जागचा हलत नाही, काच खाली करतो आणि दोन मिनिटांत निघतो. गॅसला आधी अर्धा तास रांग, आणि नंबर आला की सगळ्यांनी खाली उतरायचं. लहान मूल असो नाहीतर म्हातारी, उतरायचं म्हणजे उतरायचं. बॉनेट उघडायचं आणि बाजूला जाऊन उभं राहायचं. पेट्रोलच्या आगीतून निघून आम्ही असे गॅसच्या फुफाट्यात पडलो.

मोशीच्या पुढे, नदीच्या अलीकडे आमचा पंप होता. पहिल्याच दिवशी नंबर आला, पंपावरच्या माणसानं ‘चला, उतरा’ म्हणून हात केला, आणि आम्ही चौघं उतरलो. सकाळची वेळ. मागे पन्नासेक रिक्षा, टेम्पो, कंपन्यांच्या गाड्या. अर्धा तास कंटाळलेली माणसं, आणि त्यांच्यासमोर स्कर्ट घातलेला दाढीवाला उभा. आधी एक शिट्टी आली. मग दोनतीन मोबाइल वर झाले. तो बूट जुळवून, पिशवी छातीशी धरून, मीटरच्या आकड्यांकडे बघत उभा राहिला. रांगेत आमच्याच कॉलनीतला एक रिक्षावाला होता, माझ्या ओळखीचा. तो रिक्षातूनच ओरडला, ‘काय भाऊ, हे ध्यान कुठून उचललं?’

मी हसलो. मला दुसरं काही सुचलं नाही असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं, पण ते खरं नाही. मला सुचलं होतं. ‘आमचा माणूस आहे’ एवढं म्हणायचं होतं, तीन शब्द. ते न म्हणता मी हसलो, आणि त्यानं मला हसताना पाहिलं.

आम्ही गाडीत बसून निघालो. कुरुळीला त्यानं नेहमीसारखी पँट चढवली.

दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना, मी विषय काढला. रात्रभर मी शब्द जुळवले होते. म्हटलं, ‘हे बघ, लोक नालायक असतात. व्हिडिओ काढतात, कुठेही टाकतात. उद्या तुझ्या आईवडिलांनी पाहिला तर? तुझ्याच भल्यासाठी सांगतो. पंपाच्या अलीकडे ती रसवंती आहे ना, तिथे तू उतर. चालत पुढे हो. पंप ओलांडला की जुना वजनकाटा आहे, बंद पडलेला, तिथे थांब. आम्ही गॅस भरून तुला घेतो.’

‘फक्त गॅसच्या दिवशी?’

‘फक्त गॅसच्या दिवशी. आठवड्यातून दोनदा.’

त्यानं पायातल्या बुटांकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणेल, मग त्या दिवशी पँटच घालतो. तसं म्हणाला असता तर माझी सुटका झाली असती. पण तो म्हणाला, ‘चालेल.’ मला पुढे कळलं की त्याला तो पाऊण तास इतका हवा होता की त्यातला अर्धा भाग चालत काढायला लागला तरी चालणार होता.

असं दीड महिना चाललं. रसवंतीपाशी गाडी हळू करायची, त्यानं उतरायचं, आम्ही पुढे जाऊन रांग धरायची. मग थोड्या वेळानं तो रस्त्याच्या कडेनं येताना दिसायचा. तिथे फुटपाथ नाही. ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जातात, धुळीचा लोट उठतो, कडेला खडी पडलेली. त्या खडीतून टाच सांभाळत, एका हातानं स्कर्ट धरून तो आमच्या रांगेसमोरून जायचा आणि आम्ही तिघंही एकदम मोबाइल बघायला लागायचो. आम्ही ठरवलं नव्हतं, आपोआप व्हायचं. रांगेतले लोक शिट्ट्या मारायचेच, पण आता तो कुणाच्याच गाडीतला नव्हता. करून सवरून नामानिराळं राहणं म्हणतात ते हेच. एकदा चालता चालता त्यानं आमच्याकडे बघून हात वर केला, सहज, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मी दराच्या पाटीकडे पाहत राहिलो. पाटीवर तोच दर होता जो मी मघाशी वाचला होता.

मोशीकर एकदा मागून म्हणाला, ‘पोरगं लई चालतंय राव.’ लातूरकर म्हणाला, ‘आपन तरी काय करनार, भाऊ?’ मी म्हणालो, ‘त्याच्याच भल्याचं आहे.’

मग उन्हाळा आला. गॅस पुन्हा महागला, आणि महागून मिळेल म्हणावं तर तेही नाही. पंपावर दाब कमी, एकेक गाडी भरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ. एका सकाळी आम्ही सव्वा तास रांगेत होतो. मी त्याला दोनदा फोन करायचा विचार केला, मग म्हटलं, थांबला असेल कुठे सावलीला. त्या वजनकाट्यापाशी सावली नाही हे मला माहीत होतं. शेवटी गॅस भरून पुढे गेलो तर तो भर उन्हात उभा. एका बुटाची टाच खडीत अडकून मोडली होती. दोन्ही बूट हातात होते आणि तो तापलेल्या रस्त्यावर अनवाणी, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता. आम्हाला पाहून त्यानं बूट धरलेला हात वर केला, मग घाईघाईनं येऊन बसला. म्हणाला, ‘सॉरी, उशीर झाला ना तुम्हाला?’ आम्हाला उशीर झाला होता आणि तो सॉरी म्हणत होता. तळपाय लाल झाले होते. मी गाडीतली पाण्याची बाटली त्याला दिली. माणुसकी म्हणून माझ्याकडे त्या दिवशी तेवढीच होती.

संध्याकाळी जेवताना मी ही गोष्ट घरी सांगितली. मी ती मजा म्हणून सांगितली हे लपवून उपयोग नाही. हातात मोडके बूट घेऊन तो कसा नाचत होता याची मी नक्कलही केली. बायको थोडी हसली. वडील हसले नाहीत.

माझे वडील ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी उस्मानाबादकडच्या खेड्यातून पिंपरीत आले आणि एकाच कंपनीत निवृत्तीपर्यंत राहिले. आजही खाली कट्ट्यावर बसायला जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट लागतात त्यांना. बोली मात्र गावाकडचीच राहिली आहे.

‘अनवानी हुबा व्हता?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘पायतान हातात घिऊन?’

‘हो ना. टाच मोडली होती.’

‘आन् तू त्याला पंपाच्या अल्याड उतरवतूस, पल्याड घेतूस?’

‘त्याच्याच भल्यासाठी, बाबा. लोक शिट्ट्या मारतात.’

त्यांनी हात ताटात तसाच ठेवला. ‘माझा बाप पायतान हातात घिऊन गावातनं जायचा. आपल्या वस्तीतनं निगाला की येशीपाशी काढायचं, पाटलाच्या दारावरनं पार व्हायचं, आन् पल्याडच्या वड्याला पुन्ना पायात घालायचं. मी बी गेलोय तसा, पोरगा व्हतो तवा. तुला वाटंल रोज कुनी मारत आसंल. कुनी न्हाई मारायचं. चांगली मान्सं व्हती, सांगायची, बाबा रं, तुज्याच भल्याचं हाय, उगं कशाला कुनाच्या डोळ्यावर यायचं.’

मी म्हणालो, ‘ते वेगळं होतं, बाबा.’

‘येगळं कसं ते सांग.’

मी सांगायला लागलो. म्हटलं, ते जातीचं होतं, ती जबरदस्ती होती. हा स्वतःच्या हौसेनं घालतो, आणि उतरायला तो स्वतः तयार झाला. मग माझ्या लक्षात आलं की आजोबाही तयारच झाले असतील. 

वडील म्हणाले, ‘बाप्यानं घागरा घालून हिंडावं, मला काय ग्वाड लागत न्हाई. पर गाडीत घेतल्याला मानूस मदीच उतरवायचा न्हाई.’ आणि ते उरलेलं जेवले.

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. आमच्या घरात या गोष्टी जयंतीच्या भाषणात ऐकायच्या असतात, आपल्यावर झालेल्या अन्यायाच्या म्हणून. आपणही कुणाला वेशीपाशी पायताण काढायला लावत असू, हे कुठल्या भाषणात नव्हतं. मी त्याच रात्री ठरवलं की उद्यापासून तो रसवंतीपाशी उतरणार नाही. माझ्याबरोबर उतरेल, माझ्या शेजारी उभा राहील, आणि रिक्षावाल्याला काय सांगायचं तेही मी सांगेन.

सकाळी फोन पाहिला तर ग्रुपवर त्याचा निरोप होता. ‘आजपासून मी बसने येईन. इतके दिवस गाडीत घेतलंत, आभारी आहे.’ त्याखाली, तो ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ.

मी मापनकक्षात जाऊन त्याला भेटलो. तिथे वातानुकूलन जोरात असतं आणि मोठ्यानं बोलता येत नाही. तो एक भाग साच्यात बसवून मोजत होता. मी म्हटलं, ‘माझं चुकलं. परत ये.’

‘तसं काही नाही, दादा. बस बरी पडते.’

‘बसमध्ये...’ मी म्हणालो, आणि पुढे काय विचारायचं ते मला कळलं तसं त्यालाही कळलं.

‘बसमध्ये पँट,’ तो म्हणाला. ‘चालतं.’ मग भाग उलटा करून त्यानं पुन्हा मोजायला घेतला.

चार महिने तो बसनं आला. रोज सकाळी नाशिक फाट्याला बसथांब्याच्या गर्दीत तो मला दिसायचा, काळी पँट, चपटे बूट, कानात इअरफोन. मी गाडी हळू करायचो, तो हात करायचा, मी पुढे जायचो. गाडीतली पुढची सीट रिकामीच असायची. मोशीकर तिच्यावर डबा ठेवायला लागला. त्या चार महिन्यांत मी एक वाक्य तयार केलं होतं आणि रोज निघताना मनात म्हणून बघायचो. ‘तुला हवं ते घालून ये, पंपावर माझ्या शेजारी उभा राहा, कोण काय म्हणतं ते मी बघतो.’ साधंच वाक्य आहे. ते म्हणायला चार महिने का लागावेत हे विचारू नका.

तो परत आला, पण माझ्या वाक्यानं नाही. डिझेल वाढलं, बसचं तिकीट वाढलं, फेऱ्याही धड नव्हत्या. दोनदा त्याला उशीर होऊन पगार कापला गेला. एका सकाळी त्याचा फोन आला, ‘दादा, जागा आहे का अजून?’ मी म्हणालो, ‘तुझीच आहे.’ पुढे वर्षभर तो आमच्या गाडीत होता, मग रांजणगावला चांगली नोकरी मिळाली तिकडे गेला. त्या वर्षभराचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पण परत आला तो पहिला दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो.

नाशिक फाट्याला तो चढला. काळी पँट, निळा शर्ट, चपटे बूट. मला वाटलं, पहिलाच दिवस आहे, विचारल्याशिवाय स्कर्ट कसा घालेल? भोसरीपर्यंत दोघंच होतो. वाक्य तयार होतं. पण तो बसच्या गमती सांगत होता, कंडक्टर कसा भांडतो, दाराच्या पायरीवर कसं लोंबकळावं लागतं. मी म्हटलं, त्याचं संपू दे. भोसरी आली आणि लातूरकर चढला, मोशीला मोशीकर चढला, आणि त्यांच्यासमोर मला ते म्हणवेना. पंपावर उतरू तेव्हा म्हणू, असं मी ठरवलं. तिथेच म्हणायला हवं होतं ते.

रसवंती दिसली. पुढे रांग होती म्हणून मी गाडी हळू केली, आणि त्यानं सवयीनं पट्टा सोडला, पिशवी उचलली आणि दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. मग त्यानं स्वतःच्या पायाकडे पाहिलं, पँटकडे, बुटाकडे, आणि हसायला लागला. ‘अरे, आता कशाला!’ म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

मागून मोशीकर म्हणाला, ‘आता तू आमच्यातला, राव!’ लातूरकर हसला, तोही हसतच होता. मीही हसलो.

नंबर आला. आम्ही चौघं उतरलो आणि बाजूला जाऊन उभे राहिलो. मागे तेवढीच रांग होती, तीच कंटाळलेली माणसं. कुणी वळून पाहिलं नाही. तो माझ्या शेजारी, खिशात हात घालून उभा होता. पाटीकडे बघून म्हणाला, ‘पुन्हा वाढला का हो दर?’

‘वाढला,’ मी म्हणालो.

वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते ऐकणारा हातभर अंतरावर होता. पण मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं होतं की मी ते बोललो नाही.